दीड तासात धुळे

मुलांनो, असं समजा की तुम्ही एका छोट्या पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर बसला आहात. गाडी तुमच्या दुप्पट-तिप्पट वयाची आहे. महिना मे, आणि तोही जळगावचा. म्हणजे सकाळी साडेनऊलाच सीटचं रेक्झिन मांडीला चटका देतंय. काच खाली करायचं हँडल कधीच तुटलंय, म्हणून तिथं पक्कड लावून काच फिरवायची. तुमच्या मांडीवर शंभर पानी वही, हातात पेन्सिल. पुढं स्टिअरिंगवर एक म्हातारा बसलाय आणि म्हणतोय, "दीड तासात धुळे. लिहून घे."

तो म्हातारा मी. नाव नवल, पण गल्लीतली पोरं नाना म्हणतात. दीपनगरच्या वीजकेंद्रात मी तेहतीस वर्षं बॉयलरवर काढली. दहा मजली उंच बॉयलर ज्यानं सांभाळला, त्याला ही चार चाकांची डबी काय जड, असं मी येता-जाता सगळ्यांना ऐकवायचो. निवृत्त होऊन जळगावला आलो, आणि संध्याकाळी ओट्यावर पोरं जमवून पंखे, मिक्सर, इस्त्र्या उघडायला लागलो. शिकवायची हौस, दुसरं काय. त्या पोरांत सगळ्यात हुशार सबा. पाचवीतली. मागच्या सीटवर वही घेऊन बसली होती ती हीच. मी तिला शिकवलं होतं, यंत्र बिघडलं की आधी हात लावायचा नाही, आधी लिहायचं. किती वाजता बिघडलं, त्याआधी काय झालं, आपण काय केलं, मग काय झालं. आमच्या खात्यात दर तासाला अशी नोंद व्हायची.

आता माझी एक खोडही सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आमच्या बॉयलरवर गळतीला क्षमा नव्हती. वाफ जिथून सुटेल तिथं आवळायचं, बांधायचं, बुजवायचं. ही सवय हाडात मुरली. घरातला एक नळ मी असा आवळला, की पाहुणे हात धुवायला शेजारी जायचे. बायको म्हणायची, "एवढी कुकरची शिट्टी मोकळी सोडा, भात शिजू द्या."

तर त्या आठवड्यात मला गाडीजवळ पेट्रोलचा वास आला. झाकण थोडं सैल झालं होतं. यावलला माझ्या बहिणीची केळीची बाग आहे. तिथं घडांवर घालतात त्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या माझ्याकडे पडल्या होत्या. मी एक तुकडा कापला, टाकीच्या तोंडावर ठेवला, वरून झाकण फिरवलं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून चार वेढे आवळून मारले. नाक लावून पाहिलं. वास बंद. फार समाधान वाटलं. त्याच खुशीत टाकी गळ्यापर्यंत भरून आणली आणि झाकण पुन्हा तसंच आवळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबाची आई जीनत दारात आली. डोक्यावरची ओढणी नीट नव्हती, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सबाचं मनगट.

"नाना, घराची किल्ली ठेवा. धुळ्याहून शेहजादचा फोन आला. अम्मी गेली."

शेहजाद तिचा धाकटा भाऊ. नवरा अतिक गवंडीकामावर सुरतेला, तो रात्रीपर्यंत येणार. कनीजबी, म्हणजे सबाची नानी, पहाटे झोपेतच गेली होती.

"दुपारच्या नमाजेनंतर मिट्टी आहे," जीनत म्हणाली. "सव्वाला घरातून नेणार. पावणेदहाच्या बसनं निघते, वेळेत पोचेन."

मिट्टी म्हणजे दफन, आणि त्यांच्याकडे बायका सहसा कब्रस्तानात जात नाहीत. म्हणजे सव्वा वाजायच्या आत घर गाठलं, तरच तिला आईचं तोंड दिसणार होतं. मला हे माहीत होतं. माहीत असूनच मी बोललो.

"बस कशाला? ती वाटेत दहा ठिकाणी थांबते. मी कुठं थांबतोय? दीड तासात धुळे. अकराला तू अम्मीजवळ बसलेली असशील."

जीनत घुटमळली. "वाट लांबची आहे नाना. तुम्हाला त्रास."

"पोरी, मी दहा मजली बॉयलर..."

"ते माहीत आहे नाना," ती म्हणाली, आणि गाडीत बसली. मोठ्या माणसाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

पाळधी मागं टाकली आणि सतराव्या किलोमीटरला गाडीनं दोन उचक्या दिल्या. मग आणखी एक. मग ती रस्त्याच्या कडेला अशी शांत झाली, जशी बारशाला आलेली आजी जेवणानंतर बसल्या जागी डोळा लावते. मी सेल्फ मारला. घरघर झाली, पण इंजिन काही उठेना.

"बॅटरी," मी म्हणालो. बॉनेट उघडलं. टर्मिनलवर पांढरी भुकटी साचली होती, ती सबाच्या पट्टीनं खरवडली. पेट्रोलचा काटा दोन वर्षांपासून अर्ध्यावर अडकलेला, म्हणून टाकी उघडून आत काडीही घालून पाहिली. झाकण काढताना फुस्स असा आवाज आला. टाकी भरलेली होती. प्लॅस्टिक पुन्हा ठेवलं, झाकण फिरवलं, ट्यूबचे चार वेढे आवळले. सेल्फ मारला, गाडी सुरू.

"पाहिलंस?" मी सबाला म्हणालो. "टर्मिनल. रोग नेमका ओळखता आला पाहिजे."

सबानं लिहून घेतलं. जीनतनं घड्याळ पाहिलं. दहा वाजून पंचवीस.

एरंडोलच्या पुढं पुन्हा तेच. उचकी, उचकी, शांतता. टर्मिनल तर चकचकीत होतं. मी प्लग काढले, फुंकले, लावले. शेजारच्या शेतातून एक माणूस फटफटी घेऊन आला. डोक्याला उपरणं, तोंडात काडी. प्रेमराज त्याचं नाव. त्यानं इंजिनावर हात धरला आणि लगेच मागं घेतला.

"तपी गयी शे नाना. मनी फटफटीले बी असंच व्हस. पेट्रोल नळीमा उकळस. वल्लं फडकं ठेवा."

मला ते पटलं. उन्हाळ्यात असं होतंही. जीनतनं पिण्याच्या पाण्याची बाटली पुढं केली. माझा रुमाल, प्रेमराजचं उपरणं, सबाचा शाळेचा स्कार्फ, सगळं भिजवून आम्ही पेट्रोलच्या पंपावर आणि नळ्यांवर गुंडाळलं. इंजिन तापाच्या रोग्यासारखं दिसायला लागलं. आता थांबायचं.

थांबलो. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. तेवढ्यात मागून धुळ्याची बस आली. जीनत रस्त्यावर गेली, हात केला. बस थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. आणि त्याच क्षणी मी सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली.

"जीनत," मी ओरडलो, "झाली सुरू. ये, ये."

तिचा एक पाय पायरीवर होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, येताय का राहताय?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून हात हलवत होतो, लग्नाच्या वरातीतल्यासारखा. ती उतरली. बस गेली.

दोन किलोमीटरवर गाडी पुन्हा बंद पडली.

जीनत बस गेली त्या रस्त्याकडे पाहत राहिली.

प्रेमराज मागूनच येत होता, त्याचं उपरणं आमच्याकडेच राहिलं होतं ना. तो थांबला. "आते काय जयं?"

"फडकं वाळलं," मी म्हणालो.

पाणी संपलं होतं. प्रेमराज शेतातल्या नळावरून कळशी घेऊन आला, येताना एक पोतंही भिजवून आणलं. पुन्हा गुंडाळागुंडाळी, पुन्हा थांबणं. धुळ्याची आणखी एक बस आली. ती खच्चून भरलेली होती, थांबलीच नाही. जीनतचा हात बराच वेळ तसाच वर राहिला.

प्रेमराज हळूच म्हणाला, "नाना, बाईले आनि पोरले मी फटफटीवर एरंडोल स्टँडवर सोडी येस. तठे काही ना काही भेटी जाई."

"या उन्हात? आणि उलट मागं?" मी म्हणालो. "पाच मिनिटांचं काम आहे. झालंच."

मागून सबा म्हणाली, "नाना, एक सांगू?"

"थांब बेटा. मोठी माणसं बोलतायत ना?"

हे मी बोललो. ओट्यावर रोज "विचारा, विचारा" म्हणणारा मी.

जीनतचा फोन वाजला. शेहजादचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "आपा, कुठपर्यंत? मौलाना म्हणतात ऊन फार आहे, ठेवता येणार नाही. अब्बांनाही चक्कर येतेय. सव्वाच्या पुढं मी कसं थांबवू?"

मी फोन मागून घेतला. "शेहजाद, मी नवल नाना. तासाभरात आणतो. माझ्यावर सोड."

गाडी सुरू झाली आणि एक किलोमीटरवर बंद पडली.

आता प्रेमराजलाही काही सुचेना. "पेट्रोलमा पानी तर नही ना?" तो म्हणाला. म्हणून मी टाकी उघडली, थोडं पेट्रोल काडीवर घेऊन वास घेतला, बोटांत चोळलं. चांगलं होतं. झाकण काढताना मघासारखाच फुस्स आवाज आला. मी प्लॅस्टिक ठेवलं, झाकण फिरवलं, ट्यूब आवळली, वरून आणखी एक वेढा दिला. सेल्फ मारला. गाडी अशी उठली जशी काही झालंच नव्हतं. साडेबारा वाजले होते.

"पोतं," मी म्हणालो. "पोत्यानं काम केलं."

प्रेमराजनं कपाळाला हात लावून निरोप घेतला. उपरणं आमच्या इंजिनावरच राहिलं.

सोळा किलोमीटर गाडी धावली. मी मनात हिशेब करत होतो, पारोळा आलं, दामटली तर इथून अर्धा तास, सव्वाला पोचतो, अगदी सव्वाला. जीनत पुढं वाकून रस्त्याकडे पाहत होती, जणू तिच्या पाहण्यानं तो आखूड होणार होता. पारोळ्याच्या अलीकडे उचकी आली. मग दुसरी.

या वेळी मी खाली उतरलोच नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलो. जीनत म्हणाली, "नाना, पाणी प्या." पाणी नव्हतंच. तिच्या ते लक्षात नव्हतं.

मग मागून वही पुढं आली. सबानं ती माझ्या खांद्यावरून धरली होती. मी चष्मा लावला. तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं:

सतरा किमी, बंद. बॅटरी खरवडली. झाकण उघडलं. मग पंधरा किमी चालली.
बंद. ओलं फडकं. झाकण नाही उघडलं. दोन किमी चालली.
बंद. ओलं पोतं. झाकण नाही उघडलं. एक किमी चालली.
बंद. झाकण उघडलं. सोळा किमी चालली.

खाली पेन्सिलीनं एक छोटं चित्र होतं. टाकीचं तोंड, त्यावर प्लॅस्टिक. आणि प्लॅस्टिक आत ओढलं गेलेलं, गाल आत ओढावेत तसं.

"दोन्ही वेळा तसंच होतं नाना," ती म्हणाली. "तुम्ही झाकण काढलं तेव्हा दिसलं."

मुलांनो, सरबताच्या बाटलीला नळी लावा. बाटलीचं तोंड नळीभोवती बोटांनी घट्ट बंद करा, आणि ओढा. दोन घोट येतील, मग येणार नाही. कितीही ओढा. बाटली भरलेली आहे, तुमच्या तोंडात जोर आहे, तरी येणार नाही. कारण सरबत गेलं तेवढ्या जागेत हवा यायला वाट नाही. बोट जरा सैल करा, फुस्स करून हवा आत जाते आणि सरबत धावत येतं. गाडीच्या टाकीलाही श्वास लागतो. तिच्या झाकणात त्यासाठी बारीक वाट ठेवलेली असते. ती मी केळीच्या पिशवीनं बुजवली होती, आणि दर वेळी जास्त घट्ट बुजवली होती. गाडी नुसती उभी राहिली की थोडी हवा झिरपायची, म्हणून एक-दोन किलोमीटर चालायची. त्याचं श्रेय मी फडक्याला दिलं. तेहतीस वर्षं मी वाफ बाहेर जाताना ऐकली होती. हवा आत जातानाचा आवाज मला ओळखू आला नाही.

आणि सबाला तो एरंडोललाच कळला होता.

मी ट्यूब सोडली, प्लॅस्टिक फेकलं, झाकण नुसतं टेकवलं. वास सुटला. एकदाच सेल्फ मारला. मग ती म्हातारी गाडी धुळ्यापर्यंत अशी धावली की तिच्या इतक्या वर्षांत कधी धावली नसेल. एक उचकी नाही. मला ती वाटेत कुठंतरी बंद पडायला हवी होती. बंद पडली असती तर निदान वाटलं असतं की तिचंच काहीतरी बिघडलंय, माझं नाही.

जीनतनं फोन लावला होता. "निघालोय शेहजाद. आता येतोच." पलीकडे माणसांचा गलका होता. मग तो म्हणाला, "दीडची नमाज आहे आपा. अब्बा म्हणतात, आता न्यायला हवं."

आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं होती. गल्लीत चपलांचा ढीग नव्हता, त्यावरूनच कळलं. दारात जीनतची थोरली खाला, म्हणजे मावशी, उभी होती. खालाच म्हणाली, "शेहजादनं दहा मिनिटं जास्तीची थांबवली, बेटा. त्यापुढं नाही जमलं."

अम्मीला शेवटची अंघोळ घातली ती अंगणातली फरशी अजून ओली होती. जीनत त्या ओल्या फरशीवरच टेकली. रडली नाही. माझ्यावर ओरडली असती तर मी तिचे पाय धरले असते. ती सबाला म्हणाली, "तू जा. तू लहान आहेस, तुला कोणी अडवणार नाही. मामूला सांग, अम्मीनं पाठवलं. नानीचं तोंड बघ, आणि मला येऊन सांग."

मी सबाला गाडीतून घेऊन गेलो. कब्रस्तान तिथून पाच मिनिटांवर. डोक्याला बांधायला माझ्याकडे रुमालही नव्हता, तो इंजिनावर होता. फाटकापाशी कोणीतरी मला टोपी दिली. मी आत एका कडुनिंबाखाली थांबलो. सबा माणसांच्या पायांतून वाट काढत गेली. शेहजादनं तिला पाहिलं, तिचं बोलणं वाकून ऐकलं, मग कोणाशी तरी दोन शब्द बोलला. माणसं सरकली. त्यानं कफन तोंडावरून बाजूला केलं आणि सबाच्या खांद्यावर हात ठेवला. जनाज्याच्या एका टोकाला जीनतचे अब्बा, नूर महंमद, काठी टेकून उभे होते. त्यांनी सबाला एका शब्दानंही घाई केली नाही.

परत येताना ती गाडीत पुढं बसली. मी म्हणालो, "सबा, तू मला मघाशी सांगत होतीस. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. सगळी."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली.

मुलांनो, मोठ्या माणसांबद्दल असं वाटून घेऊ नका. वही त्यांच्या नाकासमोर धरा. ते रागावले तरी धरून ठेवा. माझ्या सगळ्या शिकवण्यात एवढंच काय ते खरं निघालं, आणि तेही मी शिकवलेलं नव्हतं.

घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधे चटई अंथरलेली, तिच्यावर कोणी नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. जीनतनं सबाला समोर उभं केलं, तिचे दोन्ही दंड धरले.

"पाहिलंस?"

सबानं मान हलवली.

"कशी होती? सांग. दुखत होतं असं वाटत होतं का? तोंड कसं होतं?"

सबानं तोंड उघडलं. शब्द आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. जीनत तिच्या ओठांकडे पाहत होती, जसं तिनं दिवसभर रस्त्याकडे पाहिलं होतं.

मग सबानं आईचे हात हळूच सोडवले. आईच्या खांद्यावरची पांढरी ओढणी काढून घेतली आणि चटईवर जाऊन उताणी झोपली. पाय जुळवले. हात अंगालगत सरळ ठेवले, पण मग पुन्हा उचलून ओढणी कपाळावरून घेतली, दोन्ही कानांवरून खाली आणली, हनुवटीखाली घट्ट खोचली. तोंड जरासं उजवीकडे वळवलं. डोळे मिटले. ओठांच्या एका कोपऱ्यात किंचित काहीतरी आणलं. हसू नव्हे, झोपेत ऐकू आल्यासारखं काहीतरी.

खाला घाईनं पुढं झाली. "या अल्लाह, उठ पोरी. असं करू नये."

"राहू द्या खाला," जीनत म्हणाली.

ती गुडघ्यांवर सरकत चटईपाशी गेली. खाली वाकली. कपाळ, मिटलेल्या पापण्या, हनुवटीखाली खोचलेली ओढणी, एकेक करून पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी सबाच्या गालावर पडलं आणि कानाकडे ओघळलं.

सबानं ते पुसलं नाही. आईचं पाहून होईपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.